आधी अंतर मोजा, मग बोअर ठरवा

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

गेल्या आठवड्यात आपल्या पत्रस्तंभात एका वाचकाने मागणी केली की गोव्यातल्या पोलीस निशाणेबाजांना .३३८ लापुआ मॅग्नम या लांब पल्ल्याच्या जाड काडतुसाच्या रायफली द्याव्यात. नियंत्रण रेषेवर सैन्याला त्या चालतात, मग पर्यटकांनी भरलेल्या गोव्याला का नकोत, असा त्यांचा सवाल. ते पत्र मी पेडण्याच्या बाजारात भाजी-पाव खाता खाता वाचलं. टेबलावरच्या चौघांपैकी तिघांना ते पटलं. "मोठी ती बरी," एवढंच त्यांचं म्हणणं. पाव थंड होत होता म्हणून मी तेव्हा गप्प बसलो. आता घरी निवांत बसून लिहितोय. पत्र लांबलं तर कात्री चालवा, माझी हरकत नाही.

मी सैन्यात आर्मरर होतो. गोळी दुसऱ्याने चालवायची, बंदूक मी सांभाळायची, असं काम. सिकंदराबादला ट्रेनिंग झालं आणि मग चोवीस वर्षं निरनिराळ्या पलटणींच्या कोतात, म्हणजे हत्यारखान्यात, गेली. एसएलआर, इन्सास, ड्रॅगुनोव्ह, सगळ्यांची पोटं उघडून पाहिली. आता काजूची बाग आहे आणि ती खणणारी रानडुकरं आहेत. माझा भाचा पोलिसांत आहे. चवथीला आला होता तेव्हा गणपतीवरची फळांची माटोळी बांधता बांधता त्यानेही हाच प्रश्न काढला, "मामा, निशाण्याक खंयचो बोअर बरो?" बोअर किंवा कॅलिबर म्हणजे नळीच्या भोकाचं माप. मी उलट विचारलं, किती अंतरावरून? तो हसला आणि सुपारीचा घड बांधायला लागला.

सगळं तिथेच अडतं. सैन्यातला स्नायपर आणि पोलीस निशाणेबाज यांची रायफल दिसायला सारखी असते, पण धंदे दोन वेगळे. सैन्यातला माणूस आठशे मीटरवरच्या खंदकाकडे बघत बसतो. पोलिसाच्या समोर ओलीस धरलेलं माणूस असतं आणि त्याच्या मागे अख्खा गाव. अमेरिकेत पोलीस निशाणेबाजांच्या खऱ्याखुऱ्या गोळीबारांच्या नोंदी एकत्र केल्या तेव्हा सरासरी अंतर निघालं जेमतेम पन्नास यार्ड. आपल्याकडे वेगळं काय निघणार? म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारात एका गच्चीवर उभे राहा आणि समोरच्या गच्चीवरच्या टाकीपर्यंतचं अंतर पावलांनी मोजा. शंभर मीटर भरले तर भरले. मोपाच्या पठारावर किंवा दाबोळीला लांब नजर मिळते, पण विमानतळाची राखण सीआयएसएफ, म्हणजे केंद्राचं औद्योगिक सुरक्षा दल, करतं.

आता .३३८ बद्दल. गोळी सोळा ग्रॅमच्या आसपास, नळीतून सुटताना तिच्यात सुमारे साडेसहा हजार जूल ऊर्जा. ७.६२ × ५१ च्या (गोळीचा व्यास आणि पुंगळीची लांबी, मिलिमीटरमध्ये) निशाण्याच्या काडतुसात साधारण साडेतीन हजार, ५.५६ मध्ये सतराशे-अठराशे. .३३८ जन्माला आलं तेच हजार मीटरच्या पलीकडे मारा करण्यासाठी, आणि त्या कामात ते उत्तम आहे. पण पन्नास मीटरवर त्या साडेसहा हजारांतले किती कामाला येतात आणि उरलेले कुठे जातात? ते लक्ष्यातून पार होऊन पुढच्या दुकानात जातात. शिवाय असल्या रायफलीचा सराव करायला रेंजच्या मागे कित्येक किलोमीटर मोकळं रान लागतं. आपलं राज्य ३,७०२ चौरस किलोमीटरचं, त्यात डोंगर, नद्या, खाणी आणि दर अर्ध्या कोसावर देऊळ किंवा चर्च. सरावच करता येत नाही ते हत्यार कोतात तेल लावून ठेवण्यापुरतं.

मागे काय आहे ते बघायला मला कुठल्या ट्रेनिंग सेंटरने शिकवलं नाही. ते बाबांनी शिकवलं. बाबांकडे शेतीच्या राखणीसाठी परवान्याची बंदूक होती, बारा बोअरची, एकनळी. निवडणूक लागली की ती पोलीस स्टेशनात जमा करायची आणि निकालानंतर परत आणायची, हा आमच्या घरचा एक सणच होता. बाबा रात्री माळ्यावर बसत आणि मी त्यांच्या मांडीला टेकून. एकदा चांदण्यात मोठा डुक्कर सुरणाच्या वाफ्यात शिरला. तीस पावलांवर, आडवा, बघत राहावा असा. बाबांनी दस्ता खांद्याला लावला आणि तसेच थांबले. डुकराने वाफा उपसला, मनसोक्त खाल्लं आणि निघून गेला. मी रडकुंडीला आलो होतो. बाबा म्हणाले, "त्याच्या मागे दिवा दिसत होता." शेजाऱ्याच्या खोपीतला कंदील होता तो, दोनशे पावलांवर. छर्रा तिथवर पोचून काही करेल की नाही याचा विचारही त्यांनी केला नाही. दिवा दिसला, बंदूक खाली. दुसऱ्या दिवशी आई सुरणावरून बोलली ते वेगळं.

दिव्याची ही गोष्ट मी आज कॅलिबरच्या वादात आणतो, कारण पोलिसांच्या कामात कॅलिबरइतकीच, माझ्या मते थोडी जास्तच, गोळी कोणती हे बघावं लागतं. सैन्याची साधी बॉल गोळी संपूर्ण तांब्याच्या कवचात असते आणि आरपार जाते. युद्धात फुलणाऱ्या, म्हणजे लागताच पसरणाऱ्या, गोळ्या वापरायच्या नाहीत असं १८९९ च्या हेगच्या जाहीरनाम्यात ठरलं. त्या जाहीरनाम्याचं मूळ आपल्याच देशात आहे. कोलकात्याजवळच्या दमदमच्या कारखान्यात थ्री नॉट थ्रीच्या गोळीचं टोक उघडं ठेवून ब्रिटिशांनी ती सरहद्दीवर वापरली होती, म्हणून जगभर ती 'दमदम' झाली. पण तो करार देशादेशांतल्या युद्धापुरता आहे. पोलिसांना आतल्या कामासाठी अशी गोळी निवडता येते जी लक्ष्यातच थांबेल आणि मागच्या माणसाला लागणार नाही. ऐकायला क्रूर वाटतं, मलाही सुरुवातीला वाटलं होतं. मागे कंदील आहे हे आठवलं की तसं वाटत नाही.

१९७२ च्या म्युनिकबद्दल बहुतेकांना ऐकून माहीत आहे. ऑलिम्पिकमधल्या इस्रायली खेळाडूंना ओलीस धरलं आणि ५ सप्टेंबरच्या रात्री फ्युर्स्टनफेल्डब्रुकच्या विमानतळावर पोलिसांनी त्यांना सोडवायचा प्रयत्न केला. नऊ ओलीस मेले, एक पोलीस मेला. आम्हा आर्मररांनी त्या रात्रीकडे जरा वेगळ्या नजरेने बघावं असं मला नेहमी वाटतं. पोलिसांच्या हातात काय होतं? जी-३ रायफल, ७.६२ × ५१. कॅलिबरला नाव ठेवायला जागाच नाही. पण निशाणेबाज पाच आणि समोर आठ हल्लेखोर. ती माणसं साधे पोलीस, निशाणेबाजीचं खास शिक्षण कुणाचं झालेलं नाही. रायफलींवर दुर्बिणी नव्हत्या, रात्रीचं दाखवणारं काही नव्हतं. एकमेकांशी बोलायला रेडिओ नव्हता, म्हणजे कोण कुणावर नेम धरतोय हे दुसऱ्याला कळायची सोय नव्हती.

त्यानंतर जर्मनांनी जीएसजी-९ ही पोलिसांची खास तुकडी उभी केली आणि पोलिसांच्या निशाणेबाजीसाठी नव्या रायफली बनवायला घेतल्या. हेकलर अँड कॉखने त्याच जी-३ च्या अंगावर जड नळी, दुर्बीण आणि बेतशीर दस्ता चढवून पीएसजी-१ काढली. वजन आठ किलोच्या वर गेलं, किंमत आभाळाला भिडली. कॅलिबर मात्र तेच ठेवलं, ७.६२ × ५१. वॉल्थरने डब्ल्यूए २००० काढली, मुख्यतः .३०० विंचेस्टर मॅग्नममध्ये. ती इतकी महाग झाली की सगळ्या मिळून १७६ बनल्या आणि कारखान्याने नाद सोडला. माझ्या टेबलावरच्या तिघांना मी हे सांगितलं असतं, पण त्यांनी तोवर बिल मागवलं होतं.

(जाता जाता: पोर्तुगालनेही जी-३ घेतली ती १९६१ मध्ये, म्हणजे आपण मुक्त झालो त्याच वर्षी. त्याआधी त्यांच्या सैन्याकडे १९०४ ची ६.५ मिलिमीटरची माउझर-व्हर्ग्वेरो होती, मग १९३७ ची ७.९२ ची माउझर. साठ वर्षांत तीन कॅलिबरं बदलली. पाखल्याला, म्हणजे पोर्तुगीजाला, त्याचा इथे काय उपयोग झाला ते १९ डिसेंबरला आपण बघितलंच.)

थ्री नॉट थ्रीला म्हातारी म्हणून हसायची आपल्याकडे पद्धत आहे. २६ नोव्हेंबर २००८ ला सीएसटी स्थानकावर पोलिसांच्या हातात ती होती, यावर पुढे फार लिहिलं गेलं. एके-४७ समोर बोल्ट मागेपुढे करणारी रायफल घेऊन माणूस उभा केला, ही चूक खरीच. पण ती चूक दर मिनिटाला किती राऊंड सुटतात याची होती, नेमाची किंवा बोअरची नव्हे. ब्रिटिश पोलिसांनी सत्तरच्या दशकात निशाणेबाजांसाठी जी 'एन्फोर्सर' रायफल घेतली, तिचा बोल्ट आणि बॉडी आपल्या म्हातारीच्याच घराण्यातली, ली-एनफिल्ड नंबर चारची. फक्त नळी नवी, ७.६२ ची.

आपल्या पोलिसांचं कॅलिबर पूर्वी कसं ठरत होतं तेही एकदा बघा. इंग्रजांच्या काळात इशापूरच्या कारखान्यात .४१० ची मस्केट बनायची. दिसायला थ्री नॉट थ्रीसारखी, पण आत नळी गुळगुळीत, आटे नाहीत, आणि एका वेळी एकच राऊंड. ती पोलिसांना आणि तुरुंगाच्या पहारेकऱ्यांना द्यायची. का? १८५७ नंतर साहेबाचा देशी शिपायावरचा विश्वास उडाला होता. शिपाई उलटला तर त्याच्या हातातलं हत्यार फार लांब आणि फार वेगाने चालायला नको, हा हिशेब. लक्ष्य किती लांब हा प्रश्न त्यात कुठेच नव्हता. तेव्हा भीतीने बोअर ठरत होता, आता हौसेने ठरू नये एवढीच माझी इच्छा.

मग काय घ्यावं? माझं मत विचाराल तर .३०८ विंचेस्टर, म्हणजेच ७.६२ × ५१ चं बाजारातलं सख्खं भावंड. १९५२ मध्ये .३०८ आलं आणि दोन वर्षांनी नाटोने ७.६२ स्वीकारलं. जगभरच्या पोलीस निशाणेबाजांचं हे जुन्या ओळखीचं काडतूस. त्यातली १६८ ग्रेनची, म्हणजे जवळजवळ अकरा ग्रॅमची मॅच गोळी मुळात ३०० मीटरच्या स्पर्धेसाठी बनवली होती. तिच्या टोकाला बारीक भोक असतं ते अचूकतेसाठी, फुलण्यासाठी नव्हे. म्हणून मागची दिव्याची अट जिथे कडक असेल तिथे वेगळी गोळी घ्यावी लागेल, पण ती त्याच नळीतून, त्याच रायफलीत चालेल. बोअर एक ठेवून गोळी बदलता येते, हा मोठा फायदा.

५.५६ ला मी वाईट म्हणणार नाही. धक्का कमी, नवीन पोराला लवकर जमतं, आणि सोबतच्या पथकाच्या हातात तीच असावी. पण तिची गोळी चार ग्रॅमची. मध्ये गाडीची काच आली की हलकी वेगवान गोळी फुटते किंवा भरकटते. जड गोळीही काचेने थोडी वळतेच, पण कमी. ६.५ क्रीडमूर २००७ चं, आणि अमेरिकेच्या स्पेशल फोर्सेसनीही ते उचललं. वारा कमी खातं हे खरं. पण शंभर मीटरवर बाणावलीच्या किनाऱ्यावरचा वारासुद्धा .३०८ ला दोन बोटंही हलवत नाही, मग त्यासाठी नवीन काडतुसांची सगळी साखळी कशाला उभी करायची?

आता खरी गोष्ट, जिच्यावर कुणी पत्र लिहीत नाही. पोलीस निशाणेबाजाच्या रायफलीकडून अपेक्षा असते ती एक मिनिटाच्या, म्हणजे अंशाच्या साठाव्या भागाच्या, कोनाची. शंभर मीटरवर तो होतो २९ मिलिमीटर, आपल्या दहा रुपयांच्या नाण्याहून थोडा मोठा. सैन्याच्या साध्या रायफलीतून साधा बॉल राऊंड मारला तर ग्रुपिंग, म्हणजे गोळ्यांचा पुंजका, याच्या तिप्पट-चौपट पसरतं आणि सैन्याला तेवढं पुरतं. नाण्याएवढ्या जागेत गोळी बसवायची तर काडतूसही तसंच लागतं, आणि तेही एकाच लॉटचं, म्हणजे कारखान्यातल्या एकाच खेपेचं. मी एका रेंजवर हे डोळ्यांनी पाहिलंय. तोच जवान, तीच रायफल, तीच सकाळ. पहिल्या पेटीतले राऊंड संपले आणि दुसऱ्या लॉटची पेटी फोडली. तीनशे मीटरवरचा ग्रुप चार बोटं खाली सरकला. बटवरच्या (लक्ष्याजवळच्या) मार्करने दोनदा झेंडा हलवून विचारलं, काय झालं? काहीच झालं नव्हतं. बारूद थोडी वेगळी होती. तेव्हा रायफल घेतानाच एका लॉटची काडतुसं पुढच्या दोन-तीन वर्षांच्या सरावाला पुरतील एवढी घेऊन ठेवावी लागतात. रायफलीच्या किमतीत हा आकडा कुणी धरत नाही. रायफलीचा फोटो छापून येतो, पेट्यांचा येत नाही.

दुसरं, थंड नळीची पहिली गोळी. रेंजवर माणूस वीस राऊंड मारतो आणि शेवटचे दहा सुंदर बसतात. सगळे टाळ्या वाजवतात. पण प्रत्यक्ष कामाच्या दिवशी नळी गरम करायला कोण देणार? आठ तास छपरावर पडून राहिल्यावर जी एक गोळी सुटेल ती थंड, पुसलेल्या नळीतून सुटेल. आणि थंड नळीतली पहिली गोळी पुष्कळदा ग्रुपपासून थोडी वेगळी बसते. किती वेगळी, कुठल्या बाजूला, हे प्रत्येक रायफलीचं स्वतःचं असतं, ते वहीत लिहूनच कळतं. नळीत तेल राहिलं असेल तर मग काही सांगताच येत नाही. म्हणून फायरच्या आधी पुल-थ्रूला, म्हणजे नळी पुसायच्या दोरीला, कोरडी चिंदी लावून नळी पुसायची, हे आम्ही जवानांच्या कानीकपाळी ओरडत असू. मी म्हणतो, सरावाच्या दिवशी सकाळी एकच गोळी मारा, पुंगळी उचला, वहीत लिहा आणि चहा प्या. बाकीचं नंतर.

तिसरं आपल्या पावसाचं. जून ते सप्टेंबर गोव्यात कपाटातल्या चपलांवर बुरशी येते, ती दुर्बिणीच्या भिंगावर येत नाही असं समजू नका. खाऱ्या वाऱ्याने नळीच्या तोंडाशी गंज धरतो, आणि गोळी जिथून शेवटची सुटते तीच ती जागा. तिथे एका बाजूला खड्डा पडला की नेम गेला. एकदा एका तुकडीतून ड्रॅगुनोव्ह माझ्याकडे 'बाद' म्हणून आली. ग्रुप रोज नव्या जागी, जवान चांगला, गोळ्या चांगल्या. मी दोन दिवस नळी तपासत बसलो आणि तिसऱ्या दिवशी माझीच मला लाज वाटली. दुर्बीण ज्या बाजूच्या पट्टीवर बसते तिचा खटका पूर्ण दाबला जात नव्हता, मध्ये वाळलेल्या ग्रीसचा थर होता. घासलेटात बुडवलेल्या ब्रशने पाच मिनिटांत रायफल बरी झाली. नवीन रायफल मागवायचा कागद तयार झाला होता, सही तेवढी बाकी होती.

आज कुणाच्या कोतात काय आहे ही वर्तमानपत्रात लिहायची गोष्ट नाही, आणि मी लिहिणारही नाही. .३३८ मागणाऱ्या वाचकांवर माझा राग नाही. त्यांनी निदान विषय काढला. पुढच्या पत्रात त्यांनी रायफलीमागे वर्षाला राऊंड किती, आर्मरर किती आणि रेंज किती मीटरची, हे तीन प्रश्न विचारले तर मी त्यांच्या खाली सही करीन.

भाच्याला मी चवथीला जाताना शंभर पानी वही दिली. पहिल्या पानावर रकाने आखून दिले: तारीख, लॉट, हवा, थंड नळी, शेरा. परवा त्याने पानाचा फोटो पाठवला. तीन ओळी भरल्यात. तिसऱ्या ओळीत 'थंड नळी' खाली लिहिलंय, उजवीकडे दोन बोटं. शेऱ्यात त्याने स्वतःच्या अक्षरात लिहिलंय, "चाप घाईने ओढला."

आपला,
एक निवृत्त आर्मरर हवालदार,
पेडणे, गोवा